उभ्या बासची शिदोरी

प्रत्येक वाद्याला त्याचे त्याचे पथ्यपाणी असते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वादनापूर्वी कणकेचा लेप द्यावा लागतो. सनईची पत्ती ओठांशी ओली करून घ्यावी लागते. तंबोऱ्याच्या तारेखालचा सुताचा धागा नेमक्या जागी सरकला नाही, तर जवारी उघडत नाही. ही कामे कोणी वाद्याचे दोष म्हणून सांगत नाही. वादक ती रियाजाचाच एक भाग मानतो आणि गुरूही पहिल्या दिवसापासून ती शिष्याच्या अंगवळणी पाडतो. पाश्चात्त्य संगीतात गेल्या काही दशकांत रूढ झालेल्या एका वाद्याचे पथ्य मात्र जरा निराळे आहे. त्याला कणीक नको, पाणी नको. त्याला हवी असते काडेपेटीहून थोडीशी मोठी अशी नऊ व्होल्टची बॅटरी. ते वाद्य म्हणजे विजेवरचा उभा बास.

बॅटरी किती दिवस टिकते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु जो वादक या वाद्यावर पोट भरतो, त्याच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही. लाकडी वाद्याची एखादी तार तुटली, तरी उरलेल्या तारांवर वेळ निभावून नेता येते. विजेवरच्या उभ्या बासला मात्र पोकळ पोटच नसते. बॅटरी संपली की ऐन मैफलीत त्याचा आवाज चिरका होतो, खोल जातो आणि अखेर बहुधा पार नाहीसा होतो. वाद्यवृंदाचा पायाच निघून गेला, की वरची इमारत किती वेळ उभी राहणार? म्हणून या लहानशा शिदोरीचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे. हा हिशेब एकदा समजला, म्हणजे घरातील विजेरी, ट्रान्झिस्टर आणि विजेवरचा तानपुरा यांच्याही कामी येतो.

मोठ्या वाद्याची अडचण

व्हायोलिनच्या कुटुंबातील सर्वांत थोरला भाऊ म्हणजे डबल बास. तो मनुष्याहूनही उंच असतो. सुमारे सहा फूट. त्याच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला अवघी ४१ कंपने करते. खर्जात गाणारा पुरुष साधारणतः ८० कंपनांपर्यंत खाली उतरतो, हे लक्षात घेतले, म्हणजे या तारेचा स्वर किती खोल आहे याची कल्पना येईल. असा स्वर हवेत पसरवावयाचा, तर वाद्याचे पोटही तेवढेच मोठे असावे लागते. डबल बासचा आकार हा अशा रीतीने हौसेचा नसून गरजेचा आहे.

आपल्याकडेही हे वाद्य अपरिचित नाही. मुंबईच्या हॉटेलांत वाजणारे जॅझ वाद्यवृंद आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद यांत डबल बास असे, आणि तेथील वादकांत गोव्याहून आलेल्या कलावंतांचा वाटा मोठा होता. ज्या कोणी हे धूड लोकलगाडीतून किंवा टॅक्सीच्या टपावरून नेले असेल, त्याला त्याच्या मोठेपणाची किंमत सांगावयास नको. शिवाय एवढे मोठे असूनही नगारे, तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गलबल्यात या बापड्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतच नसे. न्यावयाला जड आणि ऐकावयाला मंद, अशी ही दुहेरी अडचण होती.

विजेचा प्रवेश

या अडचणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले. रिकनबॅकर या कंपनीने त्या काळात पोट नसलेला, नुसत्या दांड्यासारखा उभा बास तयार केला. तारांची हालचाल चुंबकाने टिपावयाची आणि ध्वनिवर्धकातून मोठी करावयाची, ही त्यामागील कल्पना. १९४६ च्या सुमारास एव्हरेट हल या वादकाने दुसरी युक्ती काढली. डबल बास ज्या टोकदार खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीच्या वरच्या टोकाला, म्हणजे वाद्याच्या पोटात, त्याने मायक्रोफोन बसविला. ‘ॲम्प्लिफाइड पेग’, म्हणजे आवाज वाढविणारी खुंटी, या शब्दांचा संक्षेप होऊन ‘ॲम्पेग’ हे नाव जन्मास आले आणि पुढे तेच एका प्रसिद्ध कंपनीचे नाव झाले.

१९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने गिटारसारखा आडवा धरून वाजविण्याचा ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. अनेक वादकांनी डबल बास कोपऱ्यात ठेवून हे सुटसुटीत वाद्य उचलले. परंतु ज्यांचा हात वर्षानुवर्षे उभ्या वाद्यावर बसला होता, ज्यांना बोटांखाली पट्ट्या नको होत्या आणि प्रसंगी गजही फिरवावयाचा होता, त्यांचे समाधान आडव्या बासने होईना. त्यांच्यासाठी ॲम्पेग कंपनीने १९६२ मध्ये ‘बेबी बास’ काढला. हे वाद्य उभेच, परंतु त्याचे पोट चेलोएवढे लहान आणि कृत्रिम द्रव्याचे. न्यूयॉर्कमधील लॅटिन नृत्यसंगीताच्या वादकांनी त्याला आपलेसे केले आणि सालसा संगीतातील त्याचा गोल, ठाशीव ठोका आजही ओळखू येतो.

पुढे जर्मन वादक एबरहार्ड वेबर याने १९७० नंतरच्या दशकात पाच तारांच्या विजेवरच्या उभ्या बासला स्वतंत्र गायकी वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. अमेरिकेत नेड स्टाइनबर्गर याने आणि जपानात यामाहा कंपनीने या वाद्याची नवी रूपे सिद्ध केली. आज हे वाद्य लांबट पिशवीत घालून एका खांद्यावर नेता येते. तारेची लांबी मात्र बहुतेक वाद्यांत मूळ डबल बासइतकीच, म्हणजे सुमारे १०५ सेंटिमीटर ठेवलेली असते. कारण बोटांना जी अंतरे पाठ झाली, ती बदलून चालत नाहीत.

बॅटरीची गरज कोठून आली?

येथे चौकस वाचकाच्या मनात एक शंका येईल. बेबी बासला बॅटरी लागत नसे, फेंडरच्या पहिल्या बासलाही लागत नसे. मग नव्या वाद्यांनाच ती का लागावी? ध्वनिवर्धक तर भिंतीतील विजेवर चालतो!

याचे उत्तर स्वर टिपण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या पद्धतीत चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार असते. पोलादी तार चुंबकापाशी हालली, की त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. तिला बाहेरच्या मदतीची जरूर नसते. आजच्या बहुतेक उभ्या बासांत मात्र स्वर घोडीपाशी टिपला जातो आणि तो टिपणारा पदार्थ असतो ‘पिएझो’ जातीचा. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्भार प्रकट होतो, असा शोध फ्रान्समधील पिएर क्यूरी आणि त्याचा भाऊ झाक यांनी १८८० मध्ये लावला. तारेच्या कंपनाबरोबर घोडी थरथरते, घोडीखालच्या पिएझो चकतीवर कमीजास्त दाब पडतो आणि त्या दाबाचे विजेत रूपांतर होते. तार पोलादाची असो की आतड्याची, चकतीला त्याचे सोयरसुतक नसते. लाकडाची आणि गजाची थरथरही ती टिपते, म्हणून तिचा आवाज खऱ्या डबल बासच्या अधिक जवळ जातो.

परंतु या चकतीचा एक स्वभावदोष आहे. तिच्यावर प्रकट होणारा विद्युत्भार अगदी अल्प असतो आणि बाहेर पडण्यास वाट मिळताच तो वाहून जातो. देवावर धरलेल्या अभिषेकपात्राचे उदाहरण घेऊ. पात्राचे छिद्र सुईएवढे असेल, तर पाणी तासभर पुरते. तेच छिद्र बोटाएवढे केले, तर पात्र भरताभरताच रिते होते. चकती म्हणजे हे पात्र आणि तिला जोडलेल्या यंत्राचा विद्युत्-रोध म्हणजे छिद्राचा बारीकपणा. रोध कमी, तर छिद्र मोठे. उंच स्वराचे कंपन इतके झटपट होते, की पात्र रिते होण्यापूर्वीच ते पुरे होते. मंद स्वराचे कंपन सावकाश चालते; ते पुरे होण्याआधीच भार वाहून जातो. म्हणजे ज्या स्वरांसाठी हे वाद्य जन्मास आले, नेमके तेच खर्जातले स्वर हरवतात!

आकड्यांत सांगावयाचे, तर एक नॅनोफॅरड धारकतेची चकती घेऊ. ती ५० हजार ओहम रोधाच्या यंत्राला जोडली, तर सुमारे ३,२०० कंपनांच्या खालचे स्वर क्षीण होऊ लागतात आणि बास एखाद्या पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. रोध दहा लाख ओहम केला, तर ही सीमा सुमारे १६० कंपनांवर येते. तरीही सर्वांत खालच्या ४१ कंपनांच्या तारेवर अन्याय होतोच. रोध एक कोटी ओहम केला, म्हणजे सीमा १६ कंपनांवर उतरते आणि सारे स्वर सुखरूप पार पडतात.

एवढा मोठा रोध साधणारे आणि पुढच्या लांब तारेतून स्वर खणखणीत पाठविणारे एक लहानसे यंत्र चकतीच्या अगदी जवळ, म्हणजे वाद्यातच बसवितात. त्याला वादक ‘प्रीॲम्प’ म्हणतात. तो आवाज फार वाढवितो असे नाही. दुबळ्या चकतीचे म्हणणे तो शाबूत ठेवतो आणि सबळ स्वरात पुढे सांगतो. हे मध्यस्थाचे काम करावयास त्याला थोडी वीज लागते आणि ती वीज बॅटरी पुरविते.

तेल किती आणि वात केवढी?

नऊ व्होल्टची ही चौकोनी बॅटरी अमेरिकेत १९५६ साली ट्रान्झिस्टर रेडिओसाठी निघाली. तिच्या पत्र्याच्या कवचात दीड व्होल्टचे सहा लहान सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सहा वेळा दीड म्हणून नऊ. सहाही सेल एवढ्याशा जागेत कोंबलेले असल्याने त्यांत द्रव्य थोडेच मावते. बॅटरीची क्षमता ‘मिलिॲम्पियर-तास’ या मापाने मोजतात. चांगल्या अल्कलाइन जातीच्या नऊ व्होल्ट बॅटरीची क्षमता, प्रवाह थोडा घेतल्यास, सुमारे ५०० मिलिॲम्पियर-तास असते.

समईची उपमा येथे चपखल बसते. क्षमता म्हणजे समईतील तेल आणि प्रवाह म्हणजे वातीची जाडी. प्रीॲम्प एक मिलिॲम्पियर प्रवाह घेत असेल, तर ५०० तास. अर्धाच घेत असेल, तर १,००० तास. तीन घेत असेल, तर सुमारे १६५ तास. वाद्यातच कर्णश्रवणाची सोय असेल किंवा प्रतिध्वनी उत्पन्न करणारी गुंतागुंतीची योजना असेल, तर प्रवाह दहा मिलिॲम्पियर वा त्याहूनही अधिक होतो आणि आयुष्य ५० तासांवर येते. वाद्य चालू असल्याचे दाखविणारा तांबडा दिवा पुष्कळांना आवडतो. परंतु असा एक दिवा दोन-तीन मिलिॲम्पियर सहज घेतो. म्हणजे काटकसरी प्रीॲम्पच्या शेजारी दिवा बसविला, तर मालकापेक्षा दिवट्याच अधिक तेल पितो!

वर सांगितलेले तास हे कागदावरचे तास आहेत. शेवटच्या थेंबापर्यंत तेल वापरता येत नाही, कारण बॅटरीचा दाब सात व्होल्टांच्या खाली गेला, की बहुतेक प्रीॲम्प नीट काम करीत नाहीत. म्हणून प्रत्यक्षात हिशेबातून पाचवा-चौथा हिस्सा वजा धरावा, हे शहाणपणाचे.

खिळीचे रहस्य

पुष्कळ नवशिक्यांची तक्रार असते, की आम्ही रोज दोनच तास वाजवितो, तरी बॅटरी महिनाभरही टिकत नाही. दोष बॅटरीत असेल, असे त्यांना वाटते. परंतु खरा चोर निराळाच असतो.

या वाद्यांवर बटन बहुधा नसते. बटनाचे काम तार जोडण्याची खाच करते. खाचेच्या आत तीन स्पर्श असतात. त्यांतील एकाला बॅटरीचे ऋण टोक जोडलेले असते. ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या तारेची खिळी खाचेत घातली, की तिचा धातूचा देह दोन स्पर्शांना एकत्र आणतो आणि बॅटरीचे मंडळ पुरे होते. खिळी काढली, की ते तुटते. युक्ती मोठी साधी आणि सुंदर आहे. पण तिच्यातच घात आहे. वादन संपल्यावर ध्वनिवर्धक बंद केला, दिवे मालवले, परंतु खिळी वाद्यातच राहिली, तर प्रीॲम्प रात्रभर जागाच असतो. त्याला कोणी ऐकत नाही एवढेच!

हिशेब करून पाहा. ५०० तास चालणारी बॅटरी रोज दोन तास वापरली, तर २५० दिवस, म्हणजे आठ महिन्यांहून अधिक पुरते. तीच बॅटरी खिळी न काढता ठेवली, तर २४ तासांच्या हिशेबाने २१ दिवसांत खलास होते. तीन मिलिॲम्पियर घेणारे वाद्य तर आठवडाभरातच बॅटरी गिळून टाकते. महाग बॅटरी विकत घेऊन जो लाभ होणार नाही, तो ‘वाजवून झाले की खिळी काढावयाची’ या एका सवयीने होतो.

म्हातारपणाच्या खुणा

अल्कलाइन बॅटरी एकाएकी मरत नाही. तिचा दाब हळूहळू उतरत जातो आणि उतरताना ती वादकाला पूर्वसूचना देते. ही सूचना कोठे ऐकावयाची, ते मात्र ठाऊक पाहिजे.

प्रीॲम्पमधून जाणाऱ्या स्वराचे हेलकावे बॅटरीच्या दाबाहून मोठे होऊ शकत नाहीत. दाब उतरला, म्हणजे जणू खोलीचे छतच खाली येते. हळू वाजविलेला स्वर वाकून चालणाऱ्या माणसासारखा निभावतो. जोराने छेडलेला स्वर मात्र छताला आपटतो आणि फाटतो. बोटाने छेडलेल्या तारेचा पहिला क्षण सर्वांत जोरकस असतो, म्हणून बॅटरीचे म्हातारपण प्रथम छेडीत ऐकू येते. गजाच्या संथ घर्षणात ते पुढे कितीतरी दिवस लपून राहू शकते. तेव्हा जोराच्या छेडीनंतर बारीकशी खरखर, नेहमीपेक्षा चेपलेला आवाज, ध्वनिवर्धकाची कळ चढवूनही न भरून येणारा पोकळपणा, अशा खुणा दिसल्या, की तारा किंवा ध्वनिवर्धक यांना दोष देण्यापूर्वी बॅटरी तपासावी.

पुष्कळ जण बॅटरीची दोन्ही टोके जिभेला लावून तिची परीक्षा करतात. ही रीत टाकून द्यावी. झिणझिण्या आल्या यावरून फार तर जीव आहे एवढे कळते, किती आहे ते कळत नाही. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारे साधे मोजणीयंत्र अधिक प्रामाणिक असते. नवी बॅटरी नऊ व्होल्टांहून थोडा अधिक दाब दाखविते. साडेसात-आठच्या आसपास आकडा आला, तर महत्त्वाच्या कार्यक्रमापूर्वी ती बदलावी. मोजताना बॅटरी वाद्याला जोडलेली आणि खिळी खाचेत असावी. मोकळी ठेवलेली थकलेली बॅटरी विश्रांतीने तात्पुरती सावरते आणि खोटा आकडा सांगते.

निवड कशी करावी?

बाजारात अनेक जाती मिळतात. सर्वांत स्वस्त असते ती जस्त-कार्बन जातीची. तिच्यात तेल थोडे आणि जुनी झाल्यावर पाझरण्याची खोड अधिक. अल्कलाइन जात किमतीच्या मानाने सर्वसाधारण वादकाला योग्य. न वापरता ठेवली, तरी तिची शक्ती वर्षाला फार थोडी घटते. म्हणून एक जादा बॅटरी पिशवीत ठेवावयास हरकत नाही. लिथियम जातीत सुमारे दुप्पट किंवा अधिक तेल असते, परंतु किंमतही तशीच. तिचा दाब बहुतेक काळ स्थिर राहून अखेरीस झपाट्याने कोसळतो. म्हणजे ती अल्कलाइनसारखी दीर्घ पूर्वसूचना देत नाही.

पुन्हा पुन्हा भरता येणारी निकेल जातीची बॅटरी काटकसरीची खरी, पण तिच्यात तेल अल्कलाइनच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी असते. आणि तिच्या प्रत्येक सेलचा दाब सव्वा व्होल्टाच्याही किंचित खालीच असल्याने सात सेल मिळून तो ८.४ व्होल्टच भरतो. जो रोज वाजवितो आणि रोज भरावयास विसरत नाही, त्याने ती घ्यावी. काही नव्या भरणीय लिथियम बॅटऱ्यांत दाब नऊ व्होल्टांवर आणण्यासाठी एक सूक्ष्म यंत्र बसविलेले असते. त्याची बारीक गुणगुण कित्येकदा वाद्यातून ऐकू येते. तेव्हा अशी बॅटरी घेताना आधी वाजवून पाहावी.

काही वाद्यांत दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून अठरा व्होल्ट घेतात. तसे केल्याने छत उंच होते आणि जोरकस छेडही स्वच्छ निघते. परंतु तेल दुप्पट झाले, असा समज करून घेऊ नये. दोन्हींतून तोच प्रवाह एकाच वेळी वाहतो, म्हणून दोन्ही जवळजवळ एकदमच संपतात. अशा जोडीत एक नवी आणि एक जुनी असे कधीही करू नये. उलट, ज्या वाद्यांत दोन पेन्सिल सेलांची योजना असते, ती अधिक दमदार ठरते; कारण दिसावयास साधे असले, तरी दोन अल्कलाइन पेन्सिल सेल मिळून एका नऊ व्होल्ट बॅटरीपेक्षा अधिक ऊर्जा बाळगतात आणि ते कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात.

शिदोरीवाचून प्रवास

बॅटरीतून सुटका करून घेण्याचे मार्गही निघाले आहेत. काही वाद्यांत प्रीॲम्प मुळीच नसतो. चकतीतून आलेला स्वर थेट बाहेर पडतो आणि पायाशी ठेवलेल्या, भिंतीतील विजेवर चालणाऱ्या यंत्रात त्याची निगा राखली जाते. मात्र अशा वेळी मधली तार आखूड आणि चांगल्या जातीची असावी, आणि त्या यंत्राचा रोध पुरेसा मोठा असावा. नाही तर अभिषेकपात्राची गोष्ट पुन्हा उद्भवते.

नेड स्टाइनबर्गर याच्या ‘एनएस डिझाइन’ कंपनीने आणखी एक चातुर्य केले आहे. तिच्या एका वाद्यमालिकेत बॅटरीऐवजी मोठ्या धारकतेचा संधारक बसविला आहे. बॅटरीत रासायनिक क्रिया घडते. संधारकात विद्युत्भार नुसता साठतो, म्हणून तो चटकन भरता येतो. एक मिनिट विजेला जोडले, की सोळा तासांचे वादन होते, असे निर्माते सांगतात. चहाचा कप संपण्याआधी शिदोरी तयार!

घराघरांतील धडा

विजेवरचा उभा बास आपल्या बहुसंख्य वाचकांच्या घरी नसेल. पण सेलवर चालणारी एखादी तरी वस्तू नाही, असे घर विरळा. गाणे शिकणाऱ्या मुलाच्या कोपऱ्यात विजेवरचा तानपुरा असतो, माजघरात विजेरी असते. या सर्वांना तोच हिशेब लागू आहे: तेल किती, वात केवढी आणि काम संपल्यावर वात मालवली की नाही.

महिना-दोन महिने वस्तू वापरावयाची नसेल, तर सेल काढून ठेवावेत. जुना सेल पाझरला, की त्यातील दाहक द्रव आतील पितळी पट्ट्या खाऊन टाकतो, आणि चार पैशांच्या सेलपायी हजारोंची वस्तू निकामी होते. नऊ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोके शेजारी-शेजारी असतात. ती सुट्या नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खिशात ठेवू नये. धातूने दोन्ही टोके जुळली, तर बॅटरी तापते आणि जवळ कागद किंवा भांडी घासण्याचा तारेचा बारीक काथ्या असेल, तर आगही लागू शकते. जादा बॅटरी तिच्या टोपणासकट किंवा टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवावी.

संपलेली बॅटरी चुलीत टाकू नये, ओल्या कचऱ्यातही मिसळू नये. भारत सरकारने २०२२ मध्ये बॅटरीच्या कचऱ्याविषयी नवे नियम केले; त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. परंतु आपण त्या निराळ्या ठेवल्या, तरच त्या गोळा होतील. टोकांना चिकटपट्टी लावून एका डब्यात त्या साठवाव्यात आणि संकलनाच्या ठिकाणी एकदम द्याव्यात.

वादकांमध्ये एक चांगली रीत आढळते. नवी बॅटरी घालताना तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहितात. दोन-तीन बॅटऱ्या संपल्या, की आपले वाद्य किती दिवसांत एक बॅटरी खाते, ते निर्मात्याच्या पुस्तिकेपेक्षाही नेमके कळते. मग कार्यक्रमाच्या तारखेकडे आणि पट्टीवरच्या तारखेकडे पाहून बदलावयाची की ठेवावयाची, ते ठरविता येते. काढलेली बॅटरी अगदीच टाकाऊ नसेल, तर ती घरच्या रियाजाला लावावी. तेथे आवाज फाटला, तरी ऐकणारा एकटाच असतो. मैफलीला मात्र ताजीच बॅटरी न्यावी, तिच्या जोडीला पिशवीत दुसरी असावी, आणि टाळ्या थांबल्या, की वाद्य पिशवीत घालण्याआधी खिळी काढावी.